बासष्ट सह्या

बोरवाडी, ता. जामखेड
१९ जून २०२५

लाडक्या मावशीला सुकन्याचा नमस्कार,

तुला कमी ऐकू यायला लागल्यापासून फोनवर आपलं धड बोलणंच होत नाही. मी म्हणते, "नोकरी लागली," तू म्हणतेस, "भाकरी भाजली?" म्हणून आता कागदच बरा.

मला खरंच नोकरी लागली! पुण्याच्या एका संशोधन संस्थेचा अभ्यास जामखेडच्या गावांत सुरू झालाय. दीड ते तीन वर्षांची मुलं दिवसभरात काय खातात, किती वेळा खातात, कोण भरवतं, हे लिहून घ्यायचं. वजन-उंची मोजायची आणि दर तीन महिन्यांनी बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा. बोरवाडी आणि आसपासच्या वस्त्या माझ्याकडे आहेत. पारनेरहून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून इथल्या अंगणवाडीच्या सविताताईंकडे खोली घेतली.

नोंदी पुढच्या महिन्यात सुरू होतील. आधी संमतीपत्रं. चार पानांचा कागद आहे, आईनं सही केली की मूल अभ्यासात आलं. मावशी, नऊ दिवसांत मी बासष्ट सह्या आणल्या! बाकीच्या मुली तीस सह्यांच्या पुढं गेलेल्या नाहीत. आमचे पर्यवेक्षक सुनील सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सुकन्याकडून शिका जरा." सविताताई बरोबर असल्या की काम सोपं होतं. त्या नुसतं म्हणतात, "आपलीच पोरगी हाय, कर गं सही," की झालं. एका घरी दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

तू आयुष्यभर नर्स म्हणून गावोगाव हिंडलीस. तुला हे वाचून सगळ्यांत जास्त आनंद होईल, म्हणून आईच्याही आधी तुला लिहिलं.

तुझी,
सुकन्या


देवळाली प्रवरा
२७ जून २०२५

सुकन्या बाळ,

पत्र मिळालं. आनंद झालाच. आपल्या घराण्यात डोक्यावर टोपली घेऊन नाही, तर दप्तर घेऊन वस्त्यांवर हिंडणारी माझ्यानंतर तूच. पायात नीट बूट घाल. तिकडच्या वाटांवर चपला आठवडाभर टिकत नाहीत.

एक काम सांगते. त्या बासष्टांपैकी कुठल्याही एकीकडे जा. सविताताईंना नेऊ नकोस, कागदही नेऊ नकोस. चहा घे, लेकराला मांडीवर घे आणि बोलता बोलता विचार, "त्या दिवशी तुम्ही सही कशावर केली?" ती जे सांगेल ते जसंच्या तसं मला लिहून पाठव. तिला दुरुस्त करू नकोस, समजावू नकोस. ऐक फक्त.

का विचारते, ते मागाहून सांगेन.

तुझी मावशी,
रतन


बोरवाडी
६ जुलै २०२५

मावशी,

तू सांगितलंस तसं केलं. एकीला नाही, पाच जणींना विचारलं. उत्तरं जशीच्या तशी लिहिते.

पहिली ज्ञानेश्वरी. चोवीस-पंचवीस वर्षांची, सातवी शिकलेली. तिला धनश्री नावाची वीस महिन्यांची मुलगी आहे. ती म्हणाली, "अंगनवाडीतला आहार बंद हू नये म्हनून केली."
दुसरी म्हणाली, "घरकुलाचं असंल काईतरी."
तिसरी म्हणाली, "सविताताई म्हनल्या कर, केली."
चौथीनं मलाच विचारलं, "कंची सही?"
पाचवी हसली. "तुमी एवढ्या उन्हाच्या आल्या, न्हाई कसं म्हनायचं?"

रक्ताच्या थेंबाबद्दल एकीलाही माहीत नव्हतं. मी ते सांगितलं होतं, मावशी. तिसऱ्या पानावर आहे ते, आणि मी पान उलटताना "इथं तपासणीचं आहे" असं म्हटलं होतं.

सुनील सरांना विचारलं. ते म्हणाले, "सही आहे ना? मग तुझं काम संपलं. सगळ्यांना सगळं कळायला लागलं तर अभ्यास पुढच्या जन्मी पूर्ण होईल."

आता माझं विचारू का? तुला हे आधीच माहीत होतं ना? मग सरळ का नाही लिहिलंस? परीक्षा का घेतलीस? आई तुझ्याकडे काही बोलली का? तिला मी ही नोकरी सोडून घरी यावं, स्थळं बघावीत असं वाटतं, हे मला माहीत आहे. तूही त्यातलीच असशील असं वाटलं नव्हतं.

सुकन्या


देवळाली प्रवरा
१५ जुलै २०२५

सुकन्या,

तुझ्या आईचा यात काडीचाही संबंध नाही. तू नोकरी सोडावीस असं मला स्वप्नातसुद्धा वाटलेलं नाही. सरळ लिहिलं नाही, कारण ते लिहायचं तर स्वतःचं लिहावं लागलं असतं. तेवढी हिंमत होत नव्हती. आता लिहिते.

मी पस्तिशीत होते. ज्या उपकेंद्रावर होते तिथं शहरातून काही डॉक्टर आले. लहान मुलांच्या भुकेसाठी एक नवीन औषध होतं, त्याचा अभ्यास करायचा होता. आयांचे अंगठे हवे होते. गावात माझा शब्द चालायचा. मी दोन दिवसांत चाळीस अंगठे घेऊन दिले. कागद इंग्रजीत होता. मी स्वतःही तो वाचला नव्हता, हे आज पहिल्यांदा कोणाला तरी सांगते आहे.

त्यांत लंकाबाई म्हणून एक बाई होती. महिनाभरानं उपकेंद्रावर आली आणि म्हणाली, "बाई, मी आंगठा कशाला दिला? माज्या पोरावर काय करतेत?" मला उत्तर येत नव्हतं. येत नव्हतं म्हणून मी तिच्यावर ओरडले. दहा बायांसमोर म्हटलं, "तुझ्या भल्याचंच आहे, तुला काय कळतंय?" तिनं पोराला खांद्यावर टाकलं आणि गेली.

औषधात वाईट काही नव्हतं, पोराला काही झालं नाही. पण लंकाबाई पुन्हा माझ्या दारात आली नाही. दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी तीन वेळा तिच्या घरी गेले. तिन्ही वेळा दार लावलेलं. बाळंतपण घरात झालं, मूल आडवं होतं. ती वाचली, मूल गेलं. मी पाच मिनिटांच्या अंतरावर होते, सुकन्या. तिनं मला बोलावलं नाही.

तुझ्या कागदातही वाईट काही नसेल. मुलं काय खातात हे कोणीतरी विचारायलाच हवं. फॉर्म फाडून टाक असं मी म्हणत नाही. परत जा, एवढंच म्हणते. तुझ्यापुढं अजून दारं लागलेली नाहीत.

मावशी


बोरवाडी
११ ऑगस्ट २०२५

मावशी,

जवळजवळ महिनाभर उत्तर दिलं नाही, त्याबद्दल रागव. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मी सुनील सरांना सांगितलं की या बासष्ट सह्या मी जमा करणार नाही, सगळ्या घरी परत जाऊन नीट सांगेन, मगच देईन. ते म्हणाले, "मग घरी बस." मी पारनेरला गेले. आईला सांगितलं सुट्टी आहे, आणि तुला काहीच कळवलं नाही. वाटलं, मावशीचं ऐकलं आणि नोकरी गेली, असं तुला वाटायला नको.

तिसऱ्या दिवशी कागदाच्या तळाशी असलेल्या पत्त्यावर या अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर निकिता मॅडम यांना चिठ्ठी लिहिली. त्या पाच आयांची उत्तरं जशीच्या तशी लिहिली, खाली माझं नाव घातलं. अकरा दिवस काही नाही. रोज वाटायचं, मी मोठी चूक केली. मग फोन आला. "मी बोरवाडीला येते आहे. तू ये आणि सगळ्या आयांना बोलाव."

परवा, शनिवारी, अंगणवाडीत सभा झाली. त्रेपन्न आया आल्या, लेकरं वेगळी. मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत, सतरंजीवर बसल्या. त्यांनी आधी सांगितलं, "तुमच्या सह्या आम्ही घेतल्या, पण तुम्हाला नीट सांगितलं नाही. चूक आमची आहे. आज त्या सगळ्या सह्या रद्द." मग मी कागद वाचला. आपल्या बोलीत, एकेक ओळ. वाचायला दहा मिनिटं लागली आणि प्रश्नांना दोन तास.

"रगात कुठं नेनार?"
"न्हाई म्हनलं तर आहार बंद हुईल का?"
मॅडम सविताताईंकडे वळल्या. "ताई, तुम्हीच सांगा." सविताताईंनी मान खाली घातली होती, ती वर केली. म्हणाल्या, "न्हाई हुनार. आहाराचा आन् याचा काई संबंध न्हाई. मी आधीच सांगाया पायजे हुतं."
"मदीच सोडलं तर चालंल?"
"केव्हाही. कारण न सांगता."

तेव्हा ज्ञानेश्वरी उभी राहिली, धनश्री कडेवर. "मंजी मी न्हाई म्हनू शकते?"
"हो."
"मग माजी न्हाई."

मावशी, सगळ्या मॅडमकडे बघत होत्या, आता काय होतं म्हणून. मॅडमनी तिचा जुना कागद शोधला, तिच्या हातात दिला आणि पेन दिलं. ज्ञानेश्वरीनं स्वतःची सही स्वतः खोडली. मग दारापर्यंत गेली आणि वळली.

"न्हाई का म्हनले ते सांगू? तुमी आता इचारनार पोरगी काय खाती. आता खाती की, भाकर हाय, दूद हाय, मी घरी हाय. दिवाळी झाली की आमी समदे ऊस तोडाया जातो. सा महिने फडावर. तवा पोरगी काय खाती ते कुनी इचारनार न्हाई, आन् तुमी कागदावर लिवनार की बोरवाडीची पोरं बरी खातात. आसल्या खोट्यात माजी पोरगी कशाला?"

मॅडमनी वही काढली आणि म्हणाल्या, "परत एकदा सांगा, मला लिहून घेऊ द्या." ज्ञानेश्वरी दारातून परत आत आली आणि त्यांच्याशेजारी बसली.

त्या दिवशी आणखी आठ जणींनी नाही म्हटलं. बाकीच्यांनी पुन्हा सही केली. बासष्टच्या चव्वेचाळीस सह्या झाल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी काम केलं. नोकरी आहे, मावशी. मॅडम सुनील सरांसमोर म्हणाल्या, "हिला कुठंही पाठवायचं नाही."

तुझी सुकन्या


देवळाली प्रवरा
२० ऑगस्ट २०२५

माझ्या गुणी पोरी,

तुझं पत्र वाचून मी उठले आणि देवापुढं साखर ठेवली. मग तीच खाल्ली.

पण त्या ज्ञानेश्वरीचं बोलणं मला लागलं आहे. आमच्या भागात दर वर्षी जामखेड, पाथर्डी, बीडकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, पडतात. मी इतकी वर्षं इथं राहते. त्या बायांची बाळंतपणं केली, पोरांना डोस पाजले. पण सकाळी त्या लेकरांच्या पोटात काय जातं, हे मी एकदाही विचारलं नाही.

तुझ्या मॅडमना सांग, इकडं यायचं झालं तर माझं घर आहे.

मावशी


बोरवाडी
२५ ऑक्टोबर २०२५

मावशी,

मॅडमचा अभ्यास खरंच तुझ्याकडे येणार आहे! म्हणजे मीच येणार आहे. अभ्यास आता तोडणीच्या सहा महिन्यांतही चालणार. संस्थेच्या नीतिसमितीनं ते मान्य केलं आणि संमतीपत्रही बदललं. आता ते एका पानाचं आहे. आधी मोठ्यानं वाचायचं, मग आईनं आपल्या शब्दांत परत सांगायचं की तिला काय कळलं. ते बरोबर असेल तरच सही. प्रत्येक गोष्टीला वेगळा चौकोन आहे, म्हणजे एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणता येतं. सुनील सर आता नवीन मुलींना हेच शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण परवा एका आईशी ते स्वतः अर्धा तास बोलत बसले.

ज्ञानेश्वरी आता अभ्यासात आहे. खाण्याच्या नोंदीला हो, वजनाला हो, रक्ताला नाही, फोटोला नाही. तिची एक अट होती, "आमच्या पोरांचं जे निघंल ते आदी आमाला सांगायचं, मग पुन्याला." मॅडमनी ती अट सगळ्यांसाठी कागदावर घातली.

उद्या त्यांची टोळी निघते आहे, आणि कुठं माहीत आहे? तुझ्या ओढ्याकाठी. मी पंधरा नोव्हेंबरला येते. माझ्यासाठी खोली झाडून ठेव आणि कानाचं यंत्र घाल. डब्यात ठेवू नकोस.

सुकन्या


देवळाली प्रवरा
१२ डिसेंबर २०२५

सुकन्या,

तू गेल्यापासून घर सुनं झालं आहे, पण मला बसायला सवड नाही. काय झालं ते ऐक.

तू कोपीवर आयांना निकाल वाचून दाखवलास आणि चित्रांचा कागद हातात दिलास, तेव्हा त्या नुसत्या कागदाकडे बघत राहिल्या होत्या, आठवतं? सतरा मुलं, पंधरा दिवस. आया पहाटे फडात जातात, लेकरं मोठ्या बहिणीच्या हवाली. दुपारी आई येईपर्यंत चहा आणि बिस्कीट. पंधरा दिवसांपैकी फक्त दोन दिवस त्यांना दुपारच्या आधी गरम अन्न मिळालं, आणि त्या दोन्ही दिवशी तोड बंद होती. तू परत येताना मला म्हणालीस, "मावशी, त्या रागावल्या का गं?" रागावल्या नव्हत्या. विचार करत होत्या.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी माझ्या दारात. फडातून तशीच आलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. मला ऐकू येत नाही हे तिला कळलं आहे, त्यामुळे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलते. म्हणाली, "मावशी, ह्यो निकालाचा कागद आमचाच ना? मंग आमी कुनालाबी दावू शकतो?"
मी म्हटलं, "तुमचाच. कोणालाही दाखवा."

दुसऱ्या दिवशी नऊ बायका ओढ्यापलीकडच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेल्या. मी बरोबर होते. बोलायची तयारी करून गेले होते, पण त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं. तिथले ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "तुमची नावं इथल्या अंगणवाडीत नाहीत. तुमच्या गावात आहार मिळतो की." ज्ञानेश्वरीनं कागद टेबलावर पसरला. कप काढलेला म्हणजे चहा, गोल म्हणजे बिस्कीट, असं एकेका लेकराच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. म्हणाली, "सायेब, पोट हितं हाय. गावात न्हाई." माझं कानाचं यंत्र तेवढ्यात बंद पडलं होतं, तरी ते वाक्य मला ऐकू आलं.

भाऊसाहेब म्हणाले, वर विचारतो. बायका म्हणाल्या, "इचारा. आमी सोमवारी येतो." या सोमवारी त्या गेल्या, आता दर सोमवारी जाणार. आज सोमवार नाही, म्हणून मी निवांत लिहिते आहे.

मावशी


कोप्यांवरून, देवळाली प्रवरा
१८ जानेवारी २०२६

सुकन्याताईस ज्ञानेश्वरीचा नमस्कार,

सातवीनंतर पत्र लिव्हलं न्हाई, अक्षर बघून हसू नका. मावशी म्हनल्या तूच लिव्ह, तुजं तू सांग.

ताई, पोरांचा आहार सुरू झाला. बारा तारखेपासून. आमी पाच सोमवार गेलो. वरून माणूस आला, कोप्या बघून गेला. आता रोज सकाळी नऊला हितली अंगनवाडीची बाई येती, संगं मदतनीस. वढ्याच्या वरच्या अंगाला पत्र्याची खोली हाय, तितं पोरं बसत्यात. गरम खिचडी, कदी उसळ. पैल्या दिवशी आमी मुकादमाला म्हनलं, आज आमी तासभर उशिरा फडात येनार. तो म्हनला का. म्हनलं बगायचंय. सतरा पोरं वळीनं बसली हुती. माजी धनश्री दोन्ही हातांनी खात हुती, वर बगत न्हवती. मी लई रडले, पन कुनाला दावलं न्हाई. बाकीच्याबी रडत हुत्या, त्यांनीबी दावलं न्हाई.

खरी गोष्ट पुढंच हाय, ती सांगायला पत्र लिव्हतेय.

काल ग्रामपंचायतीतले भाऊसाहेब आले. हातात कागद. म्हनले, आहार सुरू झाला, समद्या आयांनी हितं सह्या करा. बायका फडातून आलेल्या, हात काळे, भुका लागलेल्या. पैलीनं पेन घेतलं. मी म्हनलं थांब. भाऊसाहेबांना म्हनलं, वाचून दावा. ते म्हनले, त्यात काय वाचायचं, आहार मिळतो एवडंच हाय. म्हनलं मग वाचाया किती वेळ लागंल? त्ये डोळं बारीक करून बगाया लागले. मग मीच कागद घेतला आन् वाचला. हळूहळू वाचला, जोडाक्षरं अडत्यात माजी.

ताई, त्यात लिव्हलं हुतं की हितल्या समद्या पोरांना एक नोव्हेंबरपासून आहार मिळत हाय.

मी ती वळ दोनदा वाचली. दुसऱ्या बारीला मोठ्यानं. समद्या बायांनी ऐकलं. पैलीनं पेन खाली ठेवलं. दुसरी म्हनली, "नोव्हेंबरात माजं पोरगं बिस्कीट खात हुतं, आमच्या कागदावर हाय." भाऊसाहेब म्हनले, तारकेनं काय फरक पडतो, आता मिळतंय ना? म्हनलं, पडतो. अडीच महिने आमची पोरं उपाशी हुती, ती कागदावर जेवली म्हनून कसं लिव्हता?

ते उठले. म्हनले, मग सह्या न्हाई तर न्हाई. मी घाबरले, खोटं न्हाई सांगत. वाटलं आता आहार बंद करतेत. पन मी म्हनलं, आहाराचा आन् सहीचा संबंध न्हाई, तुमी बंद करू शकत न्हाई. जमत असंल तर खरं लिव्हून आना, आमी आत्ता करतो. आन् बसले खाली. माज्या मागं समद्या बसल्या. सतरा आया, पाचटावर.

भाऊसाहेब फटफटीपाशी गेले, फोनवर बोलले, परत आले. खिशातलं पेन काढलं, एक नोव्हेंबर खोडलं, वर बारा जानेवारी लिव्हलं, शेजारी स्वताची सही केली. मी परत पैल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एकेकीला इचारलं, कळलं का? प्रत्येकीनं आपल्या तोंडानं सांगितलं काय कळलं ते. भाऊसाहेब उभेच हुते. शेवटी ते पन सावलीला बसले.

मग आमी सह्या केल्या. ज्यांना येत न्हाई त्यांनी आंगठे दिले. सतराच्या सतरा.

तुमची,
ज्ञानेश्वरी